विचारायला लाजू नकोस

माझी भाची यंदा डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात जायला लागली. पोरगी हुशार आहे. मोबाइलवर काय वाटेल ते शोधून काढते, पण ऑफिसातून बोनाफाईड आणायचं म्हटलं की सोबत मैत्रीण लागते. कल्याणच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसले, त्यामुळे अशी मुलं मला नवी नाहीत. ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेली, पण स्वतःचं काम तोंडाने सांगता येत नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. मुदत उलटून गेल्यावर आईला घेऊन आलेलीही पाहिली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये पदवीच्या मुलांसाठी ‘जीवन कौशल्य’ नावाचा अभ्यासक्रम काढला. संवाद, नेतृत्व, मानवी मूल्यं असं सगळं त्यात आहे आणि ते शिकावंच. पण तिला मी म्हटलं, त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते. विचारता आलं पाहिजे, मागता आलं पाहिजे, नाही म्हणता आलं पाहिजे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, तिच्या वयाच्या सगळ्यांसाठी.

तर ऐक, बाळा.

खिडकीशी जाण्याआधी कागद तयार ठेव. वर तारीख, मग ‘प्रति’, मग ‘विषय’, आणि विषयात आपलं काम एका ओळीत. खाली नाव, वर्ग, तुकडी, रोल नंबर, पीआरएन नंबर, फोन. सोबत काय जोडलंय त्याची यादी. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक त्यांना दे, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. ही पोच. पोच मागितली म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तरी ती घेतल्याशिवाय हलू नकोस. पंधरा दिवसांनी ‘असा अर्ज आलाच नाही’ असं कुणी म्हणालं, तर तुझ्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो.

बोलायची सुरुवात नावाने कर. ‘मॅडम, मी एफवायबीकॉम, बी डिव्हिजन, रोल नंबर अमुक. रेल्वे पासच्या कन्सेशनसाठी आले आहे.’ इतकं एका दमात सांगितलंस की आतला माणूस सरळ रजिस्टर उघडतो. ‘मॅडम, ते… माझं जरा एक काम होतं,’ असं म्हटलंस की त्याचं लक्ष तुझ्या मागच्या मुलाकडे जातं. दिवसभर रांग असते, त्याचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. ‘उद्या ये’ असं म्हणाले तर दोन गोष्टी विचारून घे: ‘उद्या किती वाजता येऊ?’ आणि ‘कुणाला भेटू?’ हे दोन प्रश्न विचारणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी सहसा परत पाठवत नाहीत, हे मी आतून बघितलं आहे. आणि कॉलेजातल्या शिपाईमामांना रोज नमस्कार करत जा, फक्त काम असेल त्या दिवशी नको. साहेब जागेवर कधी असतात, कुठल्या कागदाला कुणाची सही लागते, कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते, हे प्राचार्यांपेक्षा मामांना जास्त माहीत असतं.

दाखल्यांचं वेगळं सांगते, कारण इथेच मुलं सर्वांत जास्त अडकतात. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, सगळे दाखले ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. डोंबिवली कल्याण तालुक्यात येते, तेव्हा आपलं तहसील कार्यालय कल्याणचं. ठाण्यात कॉलेज आहे म्हणून ठाण्याला खेटे घालू नकोस. बारावीचा निकाल लागला की अख्खा जिल्हा एकदम तिकडे धावतो, म्हणून पुढच्या वर्षीचे कागद आधीच गोळा कर. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित झालेल्या सेवांना मुदत ठरवून दिलेली असते आणि ती टळली तर अपील करता येतं. कायद्याचं नाव घेऊन भांडायची गरज सहसा पडत नाही. ‘याची मुदत किती दिवसांची आहे?’ एवढं शांतपणे विचारलंस तरी समोरच्याला कळतं की हिला माहीत आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरशील तेव्हा आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत स्वतः जाऊन विचार. फॉर्म मंजूर होऊनही पैसे न आलेली मुलं माझ्या खिडकीशी रडली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा एवढंच असायचं.

मागणं म्हणजे लाचारी, असं आपल्याकडे घराघरात शिकवतात. मला ते पटत नाही. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, जन्म 1865 चा. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी वाचलं आणि तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. 1883 मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाई बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातोय, इथेच का शिकत नाही, एकट्या का जातोय, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. वय तेव्हा अठरासुद्धा पूर्ण नव्हतं. तुझ्याएवढंच. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सगळ्यांना त्यांची पदवी आठवते, मला ते भाषण जास्त मोठं वाटतं. टीका करणाऱ्यांसमोर उभं राहून, आवाज न चढवता, मुद्दे एकामागून एक मांडणं, आणि तेही परक्या भाषेत. तुला पुढच्या महिन्यात वर्गात प्रेझेंटेशन आहे म्हणालीस ना, तेव्हा एवढं आठव.

आता गाडी. रेल्वे ठाण्याला 1853 मध्ये आली, कल्याणला 1854 मध्ये, आणि तेव्हापासून आपल्या भागातली माणसं अनोळखी माणसांशी कसं वागायचं ते तिच्यातच शिकली. गाडीत चढण्यापेक्षा उतरताना जास्त बोलावं लागतं. दिवा गेलं की पुढच्या बाईला विचार, ‘ठाणे?’ ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभी राहा, नाही म्हणाली तर जागा बदलून घे. सॅक पाठीवरून काढून पुढे घे. कॉलेजच्या मुलांच्या पाठीवरच्या पिशव्यांवरून डब्यात जितकी भांडणं होतात तितकी सीटवरूनही होत नाहीत. बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ विचारायला संकोच करू नकोस. ती सीट तुला देऊन टाकते, आणि मग ती दुसरीला दिली तर बोलायचा हक्क तुझा. भांडण लागलंच तर पहिल्या वाक्यानंतर गप्प बस. दुसऱ्या वाक्याने कुणालाच जागा मिळत नाही.

दरवाजात मात्र कधीही लटकायचं नाही. 9 जून 2025 ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसं रुळांवर पडली, काहींचे जीव गेले. तुझ्यासारखीच कामावर, कॉलेजला निघालेली माणसं होती ती. गाडी सोड. पहिलं लेक्चर बुडालं तर बुडू दे, पण बुडालं म्हणून मागच्या बाकावर लपून बसू नकोस. लेक्चर संपल्यावर सरांकडे जा आणि सांग, ‘सर, गाडीत चढता आलं नाही, काय झालं ते कुणाकडून घेऊ?’ ठाण्याच्या कॉलेजातले अर्धे शिक्षक स्वतः त्याच गाडीने येतात, त्यांना सगळं समजतं. न सांगणारा मुलगा त्यांना कळत नाही, एवढंच.

लेडीज डब्यातल्या मोठ्या बायकांशी मैत्री कर. कानात ते इअरफोन असले की कुणी बोलत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी काढून ठेव. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, दसऱ्याला डब्याची पूजा, एवढ्यापुरता तो गट नसतो. कुठला डॉक्टर चांगला, कुठल्या बँकेत माणसं जागेवर असतात, कुणाच्या ऑफिसात उमेदवारीवर मुलगी हवी आहे, हे सगळं तिथे डोंबिवली ते ठाणे कळतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींना पहिली नोकरी डब्यातल्या मावशीमुळे लागली.

फोन करायला तुम्ही पोरं घाबरता हे मला माहीत आहे. मेसेज टाकता आणि दोन निळ्या टिकांकडे बघत बसता. कामाचा फोन करायचा असेल तर आधी कागदावर दोन ओळी लिही: मी कोण, मला काय हवंय. मग ‘नमस्कार, मी अमुक बोलतेय, आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’ समोरचा नंतर म्हणाला तर वेळ विचारून घे, आणि त्या वेळेला कर. फोन ठेवताना जे ठरलं ते एकदा परत म्हणून दाखव. एवढंच आहे ते.

पैशाचं बोलायला तर सगळ्यांचीच जीभ अडखळते. हॉटेलात जायच्या आधी सांग, ‘माझ्याकडे आज शंभरच आहेत.’ बिल आल्यावर काँट्री काढताना सांगितलंस की ओशाळं वाटतं, आधी सांगितलंस तर कुणाला काही वाटत नाही. आणि ज्यांना वाटतं त्यांच्याबरोबर रोज जायची गरज नाही. मैत्रिणीला उसने दिलेस तर परत मागायची तारीख देतानाच ठरव.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेव. सध्या कॉलेजच्या मुलांना गाठून ‘तुझं बँक खातं आम्हाला वापरायला दे, महिन्याला एवढे मिळतील’ असं सांगणारे लोक फिरतात. कधी ते वरच्या वर्गातल्या ओळखीच्या मुलाच्या तोंडून येतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या, म्हणजे तुझ्या दारात येतात. खातं, एटीएम कार्ड, सिमकार्ड कुणालाही वापरायला द्यायचं नाही, सख्ख्या मित्रालासुद्धा नाही. ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असा व्हिडिओ कॉल आला तर फोन बंद कर. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच तर लाजून दोन दिवस घालवू नकोस, त्याच मिनिटाला 1930 ला फोन लाव. पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. आई-बाबा ओरडतील या भीतीने मुलं तोंड मिटून बसतात आणि तोवर खातं रिकामं होतं.

नाही म्हणायची पद्धतही शिकावी लागते. ‘बघते’, ‘नंतर सांगते’, ‘घरी विचारते’ ही नाही म्हणायची आपली लाडकी रूपं आहेत, आणि समोरचा त्यांचा अर्थ हो असा घेतो. ‘नाही, मला जमणार नाही,’ एवढं म्हण आणि थांब. कारण देत बसलीस की तो कारणावर तोडगा काढतो. असाइनमेंट कॉपी करायला मागणाऱ्यालाही हेच आणि एकटीने भेटायला बोलावणाऱ्यालाही हेच. आणि तुझा भाऊ यंदा अकरावीत आहे ना, त्याला माझ्यातर्फे सांग की मुलीने एकदा नाही म्हटलं की विषय संपला, मित्रांकरवी निरोप पाठवायचे नाहीत. त्रास झालाच तर कॉलेजात अंतर्गत समिती असते, तिच्यातल्या बाईंची नावं फलकावर लावलेली असतात. पहिल्याच आठवड्यात ती वाचून ठेव, गरज पडेल तेव्हा शोधायला नको. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, आणि 1800-180-5522 हा देशभराचा क्रमांक आहे.

मनाचं दुखणं सांगणं या सगळ्यात अवघड. आमच्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, म्हणून शहराच्या नावाचीच शिवी झाली. त्यामुळे किती घरांनी आपली माणसं दडवून ठेवली असतील याचा विचार केला तरी वाईट वाटतं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि तिथे जाऊन बोलणं म्हणजे डोळे तपासून येण्यासारखं आहे हे या भागातल्या पुष्कळ घरांना पटायला लागलं. सरकारचा टेलीमानसचा क्रमांक 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मैत्रीण गप्प गप्प झाली, डबा परत नेऊ लागली, ‘माझ्यावाचून काही अडणार नाही’ असं बोलू लागली, तर उपदेश करू नकोस. शेजारी बसून सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर येतो. तिने हो म्हटलं तर तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांग. ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन अशा वेळी मोडायचं. ती रागावली तर रागावू दे.

बोलायचा सराव कुठे करायचा, तर घराबाहेर पडलीस की संधीच संधी आहे. डोंबिवलीच्या फडके रोडला दिवाळीच्या पहाटे सगळेच जातात, नवे कपडे, फोटो, छान वाटतं. पण 1999 मध्ये तिथल्याच गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली, आणि ती आता गावोगाव निघते, त्यामागे आधी किती बैठका होतात ते एकदा जाऊन बघ. पासष्ट वर्षांचे आजोबा आणि एकोणीस वर्षांची मुलगी एकाच सतरंजीवर बसून मार्गावरून वाद घालतात. स्वयंसेवक म्हणून नाव दे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. व्याख्यान ऐकायला गेलीस तर शेवटी एक तरी प्रश्न विचार. प्रश्न एका वाक्याचा ठेव. आपलं ज्ञान दाखवायला उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रश्न कधीच संपत नाही.

आणि एनएसएसला जा, हा माझा आग्रह आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आपल्याकडच्या कॉलेजांची शिबिरं बहुधा मुरबाड-शहापूरकडच्या गावांत असतात. काही जण दहा मार्कांसाठी येतात, येऊ देत. तिसऱ्या दिवशी मार्क विसरतात.

वनराई बंधारा बांधताना मी मुलांना पाहिलं आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात ओढ्यातलीच माती-वाळू. शहरातली मुलं गोणी काठोकाठ भरतात, मग ती उचलत नाही आणि एकावर एक बसतही नाही. गावातली एखादी मावशी येऊन सांगते, पाऊण भर. दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचं, आणि वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर ठेवायची. ओढ्यात उभ्या असलेल्या साखळीतून गोणी हातोहात जाते. त्यात एकाने न सांगता हात काढला की गोणी पुढच्याच्या पायावर पडते. ‘थांब’, ‘सोडतोय’, ‘दे’, हे तीन शब्द वेळेवर उच्चारायला मुलं त्या एका दुपारी शिकतात. कुठल्याही हॉलमधल्या कार्यशाळेत ते तसं शिकवता येईल असं मला वाटत नाही. संध्याकाळी स्वयंपाक गटाने पन्नास पानांना किती तांदूळ घालायचा हे विचारलं नाही तर रात्री निम्मे उपाशी झोपतात. पाच किलो. आधी विचारायचं.

आणि गावात विचारायलाही शिक. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईचं पाणी तिथून जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. हे असं का, हे तिथल्या बायकांना हंडा उचलू लागता लागता विचार. गुगलवर मिळालेल्या उत्तरापेक्षा त्यांचं उत्तर वेगळं असेल.

शिबिराला जायला घरून परवानगी लागेल. तुझा बाबा माझा भाऊ आहे, पहिल्यांदा तो नाही म्हणणार हे मी आत्ताच सांगते. त्याच्यासमोर रडू नकोस, आणि मला मध्ये घालू नकोस. शिबिराचं पत्रक, गावाचं नाव, कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन, मुलींच्या मुक्कामाची सोय कुठे आणि सोबत कोण बाई असणार, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात दे. जेवण झाल्यावर विचार, ऑफिसातून आल्या आल्या नको. नाही म्हणाला तर कारण विचार. जे कारण सांगेल ते लिहून घे, दुसऱ्या दिवशी शिबिराच्या सरांना दाखव आणि त्यांना बाबांशी फोनवर बोलायला सांग. मग परत विचार.